रोग हल्याला, औषध पखालीला : गाडीचा ‘बीसीएम’ खरंच गेलाय का?



गटातल्या सगळ्या काकू, मावशी, वहिनी, ताई, रेडिओजवळ आलात का? भाकरी थापत थापत ऐकत असाल, तरी काही बिघडत नाही. आज मी हप्ता, व्याज, पापड, लोणचं यातलं काहीच बोलणार नाही. आज बोलायचंय गाडीबद्दल. तुम्ही म्हणाल, “ताई, गाडीतलं आपल्याला काय कळतंय? ते मिस्त्रीचं काम.” मीही असंच म्हणायचे. मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. फ्यूज म्हणजे काय, ते घरातली लाईट गेल्यावर जेवढं कळतं तेवढंच मला ठाऊक. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रामसंघाचे बावीस हजार रुपये आणि गटातल्या एका बाईचं नाव, दोन्ही एकदमच पणाला लागलं. तेव्हा हे सगळं शिकावं लागलं. जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

आता गावोगावी गटांकडे गाड्या आल्या आहेत. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू झाली, तिच्यातून काही ठिकाणी बायकांनी प्रवासी गाड्या घेतल्या. कुणी बँकेचं कर्ज काढून घेतल्या. आम्ही ग्रामसंघाच्या पैशातून सात सीटची जुनी गाडी घेतली. सकाळी भाजी आणि दूध तालुक्याला जातं, बाजाराच्या दिवशी बायका जातात, आणि अडीअडचणीला रात्रीबेरात्री कुणालाही दवाखान्यात न्यायचं असतं. गाडी चालवते आमच्याच गटातली एक ताई. रीतसर लायसन काढून शिकली. गावात पहिल्यांदा तिनं स्टेअरिंग धरलं, तेव्हा पारावरचे लोक हसले होते. नंतर तेच लोक तिच्या गाडीनं तालुक्याला जायला लागले.

काय झालं होतं?

आषाढात पाऊस लागून राहिला आणि गाडी चाळे करायला लागली. आधी वायपर मध्येच थांबायचा. मग इंडिकेटर न लावता आपोआप लुकलुकायला लागला. एकदा उभ्या गाडीची चारी दारं ‘खटक’ करून आपणच लॉक झाली. आतला दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. म्हाताऱ्या माणसांनी तर लिंबू उतरवायला सांगितलं.

पुढं एका रविवारी गाडी उभीच होती. शनिवारी संध्याकाळी लावलेली. सोमवारी पहाटे वरच्या आळीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. ताई चावी घेऊन धावली. सेल्फ मारला, तर नुसतं ‘टक’. बॅटरी पार उतरलेली. शेवटी १०८ ला फोन केला, गाडी आली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण ती वाट बघण्याची वेळ कुणी विसरलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळा रोष ताईवर. “हिनंच लाईट चालू ठेवली असणार.” “गाडी बाईच्या हातात दिली, तिथंच चुकलं,” असं बोलायला आमच्यातल्याच एकीनं कमी केलं नाही. ताईनं मुकाट्यानं चावी सतरंजीवर ठेवली. म्हणाली, “मी लाईट चालू ठेवली नव्हती. पण तुमचा भरवसा नसेल, तर ही घ्या चावी.”

गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं स्कॅनर लावला, दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, “बीसीएम गेलाय. म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. नवीन बसवायला बावीस हजार.” आमच्या गाडीच्या खात्यात होते सव्वीस हजार, तेही विम्यासाठी ठेवलेले. ठराव होतच आला होता. तेवढ्यात आमच्या गटातली सगळ्यात वयस्कर आजी म्हणाली, “अगं, पण वैद्यानं नाडी तरी धरली का?”

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं आम्ही थांबलो. आपल्याकडं म्हणतात ना, रोग हल्याला आणि औषध पखालीला. पूर्वी रेड्याच्या पाठीवर कातड्याची पखाल टाकून पाणी वाहायचे. आजारी पडला रेडा, आणि औषध लावलं पखालीला, तर रेडा बरा होईल का? तसंच गाडीचं आहे.

बीसीएम म्हणजे कोण?

त्याचं पूर्ण नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल. जेवणाच्या चपट्या डब्याएवढी पेटी असते. बहुतेक गाड्यांत ती डॅशबोर्डखाली कुठंतरी आत असते. तिला दोन-चार मोठे कपलर लावलेले असतात, म्हणजे वायरींचे झुपके जोडायचे प्लास्टिकचे जोड.

जुन्या जीपमध्ये सरळ व्यवहार होता. बटण दाबलं की वीज वायरीतून थेट दिव्याकडे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. नव्या गाडीत तसं होत नाही. तुम्ही बटण दाबता, तेव्हा फक्त एक निरोप या पेटीकडे जातो. पेटी तो निरोप वाचते आणि पुढं हुकूम देते.

आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. बटण म्हणजे कर्जाचा अर्ज करणारी सभासद. बीसीएम म्हणजे गटाची सचिव. सचिव अर्ज बघते, नियम बघते आणि हुकूम काढते. पण पैशाची थैली ती स्वतः उचलत नाही. ते काम खजिनदाराचं. गाडीत त्या खजिनदाराला रिले म्हणतात. छोट्या हुकमावर मोठी वीज सोडणारा तो डबा. आणि शेवटी ज्याला वीज मिळते तो दिवा, हॉर्न, वायपर किंवा दाराचं लॉक.

आता सांगा, कर्ज सभासदाच्या हातात पडलं नाही, तर दरवेळी सचिवच चोर का? अर्जच पोचला नसेल. सचिव उपाशी असेल, बसायला जागा नसेल. हुकूम निघाला पण खजिनदार गैरहजर असेल. किंवा बँकेतच अडकलं असेल. हे सगळं बघून झाल्यावरच सचिवाकडं बोट दाखवायचं. बीसीएमची तपासणी म्हणजे एवढंच, बाकी काही नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. इंजिन चालवणारी पेटी वेगळी असते. इंजिन नीट चालतंय पण दिवे, लॉक, वायपर वेड्यासारखे वागतायत, तर बिघाड बॉडीच्या बाजूला आहे. काही गाड्यांत मात्र चावी ओळखायचं कामही याच पेटीमार्फत होतं. तिथं पेटी बिघडली तर गाडी सुरूच होत नाही.

नाडी कशी धरायची?

तालुक्याला एक वायरिंगवाले काका आहेत. छोटंसं दुकान, पण हातात मीटर घेतल्याशिवाय बोलत नाहीत. आम्ही गाडी त्यांच्याकडं ढकलत नेली. मी आणि चालक ताई दिवसभर तिथं बसून राहिलो. काकांनी प्रत्येक गोष्ट करताना सांगितली. मी वहीत लिहून घेतली.

पहिली गोष्ट, तक्रार नीट ऐकणं. काकांनी ताईला विचारलं, “एकच वस्तू बंद पडते, का बऱ्याच? पावसातच होतं, का कोरड्या दिवशीही? खड्ड्यात गाडी आदळली की होतं का? नवीन काही बसवलंय का?” हे का विचारायचं? एकच वस्तू बंद असेल, तर दोष बहुधा त्याच वस्तूच्या बल्बमध्ये, बटणात, फ्यूजमध्ये किंवा वायरीत असतो. एका बाजूचा इंडिकेटर भरभर लुकलुकतो, तेव्हा बहुतेक वेळा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. त्यासाठी पेटी बदलायची नसते. एकाच दाराची काच आणि लॉक बंद असेल, तर दार आणि गाडी यांच्या मधल्या रबरी नळीत बघायचं. दार उघडून मिटून तिथल्या वायरी तुटतात. पण बऱ्याच वस्तू एकदम बिघडल्या, तर त्या सगळ्यांमध्ये समाईक काय आहे ते शोधायचं. समाईक म्हणजे बॅटरी, अर्थिंग, पेटीचा कपलर आणि सगळ्यात शेवटी स्वतः पेटी.

दुसरी गोष्ट, बॅटरी. इलेक्ट्रॉनिक पेटीला पोटभर व्होल्टेज लागतं. ते कमी पडलं की ती भ्रमिष्टासारखी वागते. उभ्या गाडीत भरलेली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. कमी दिसलं तर चार्जिंग होत नाही. काकांनी आमची बॅटरी आधी चार्ज करून घेतली. “उतरलेल्या बॅटरीवर केलेली तपासणी खोटी,” असं ते म्हणाले. बॅटरीचे टर्मिनल ढिले आणि पांढऱ्या बुरशीचे नाहीत ना, तेही बघितलं.

तिसरी गोष्ट, फ्यूज. फ्यूजचे रंग ठरलेले असतात. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. बॉक्सच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते लिहिलेलं असतं. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. ती लाईन चालू असताना मीटरची काळी पिन अर्थिंगला आणि लाल पिन दोन्ही ठिपक्यांना लावायची. दोन्हीकडं बॅटरीएवढे व्होल्ट आले तर फ्यूज चांगला. एकीकडंच आले तर फ्यूज उडालेला. उडालेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा बदलायचा. मोठा टाकायचा नाही. चॉकलेटची चांदी किंवा तार गुंडाळायची तर मुळीच नाही, त्यानं गाडी पेटते.

चौथी गोष्ट, रात्रीची गळती. गाडी बंद करून दारं लावली की या पेट्या थोड्या वेळानं झोपी जातात. कुठं पाच-दहा मिनिटांत, कुठं अर्ध्या-पाऊण तासात. झोपल्यावर सगळी गाडी मिळून साधारण ५० मिलीअँपिअरच्या आतच वीज खायला हवी. काकांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर लावला. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटर जळतो. तासभर थांबलो. आमची गाडी खात होती ८०० मिलीअँपिअर!

हिशेब करा. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. ५० मिलीअँपिअरनं ती संपायला ७०० तास लागतील, म्हणजे जवळपास महिना. ८०० नं संपायला ४४ तास. शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट म्हणजे दोन रात्री आणि एक दिवस. बॅटरी का उतरली, ते तिथंच कळलं. ताईनं लाईट चालू ठेवली नव्हती. गाडी झोपतच नव्हती. ताईनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. डोळे मात्र भरून आले होते.

मग काकांनी एकेक फ्यूज काढून बघितला. बीसीएमचा फ्यूज काढला आणि मीटर खाली आला. मी लगेच म्हणाले, “म्हणजे पेटीच खराब!” काका हसले. “ताई, गल्ली सापडली. घर अजून सापडलं नाही.” पेटीचा फ्यूज काढला की तिच्यामागचे दिवे, लॉक, स्विच सगळंच बंद पडतं. त्यामुळं चोर त्या गल्लीत आहे एवढंच कळतं. पहिल्या गॅरेजवाल्यानं गल्ली बघूनच घरावर छापा टाकला होता.

घर सापडलं

पाचवी गोष्ट, अर्थिंग. प्रत्येक पेटीची एक काळी वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टनं आवळलेली असते. वीज परत जायची वाट ती. काकांनी दिवे, वायपर चालू केले. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी पेटीच्या अर्थिंगच्या पिनेला लावली. तिथं साधारण ०.१ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. आमच्याकडं दिसले दीड व्होल्ट. म्हणजे परतीच्या वाटेत अडथळा. मॅट उचललं, तर खाली ओल. अर्थिंगचा बोल्ट गंजून पिवळा झालेला.

सहावी गोष्ट, कपलर. बॅटरीची वायर काढून ठेवली आणि पेटीचे कपलर सोडवले. एका कपलरमधल्या पितळी पिना हिरव्यागार झालेल्या. जुन्या तांब्याच्या हंड्याला कळंक चढते ना, तसं. तिथं पाणी पोचलं होतं. ओल्या कपलरमध्ये एका पिनेची वीज शेजारच्या पिनेवर जाते. पेटीला खोटे निरोप मिळतात. दार बंद असून ‘दार उघडं’ असा निरोप. इंडिकेटर न लावता ‘लावला’ असा निरोप. बिचारी पेटी खोट्या अर्जांवर हुकूम देत होती आणि रात्रभर जागी राहत होती.

पण पाणी आलं कुठून? काकांनी बॉनेट उघडलं. वायपरच्या खाली जी जाळी असते, तिथं पावसाचं पाणी जमतं आणि बाजूच्या छिद्रातून खाली निघून जातं. आमची गाडी उभी असते शाळेजवळच्या कडुलिंबाखाली. पानं आणि लिंबोळ्यांनी ते छिद्र गच्च बुजलं होतं. तुंबलेलं पाणी वायरीच्या कडेनं आत उतरत होतं, थेट कपलरवर. सगळं भूत होतं ते लिंबाच्या पाल्याचं.

काकांनी छिद्र मोकळं केलं. कपलरच्या पिना स्प्रेनं आणि मऊ ब्रशनं साफ केल्या, दोन खराब पिना बदलल्या, सगळं सुकवलं. अर्थिंगचा बोल्ट काढला, पत्रा घासून चकचकीत केला, नवीन बोल्ट आवळला. पुन्हा मोजलं. अर्थिंगवर ०.१ च्या आत, आणि रात्रीची गळती ४० मिलीअँपिअर.

स्कॅनर काय सांगतो, काय नाही

सातवी गोष्ट स्कॅनर. काकांनी तो शेवटी लावला. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, तिथं तो लागतो. त्यावर कोड येतात. कोडचं पहिलं अक्षर ‘पी’ असेल तर इंजिन-गिअरकडचा, ‘बी’ असेल तर बॉडीचा, ‘सी’ म्हणजे ब्रेक-चाकांकडचा, आणि ‘यू’ म्हणजे पेट्यांचं आपसातलं बोलणं तुटल्याचा. आमच्या गाडीत ‘यू ०१४०’ कोड होता. त्याचा अर्थ, बीसीएमशी बोलणं तुटलं. पहिल्या गॅरेजवाल्यानं तोच वाचून ‘गेला’ असं सांगितलं होतं.

पण फोन लागत नाही म्हणजे माणूस मेला असा अर्थ होतो का? चार्जिंग संपलं असेल, रेंज नसेल. तसंच पेटीला वीज मिळाली नाही, अर्थिंग गेलं किंवा मधली वायर तुटली, तरी हाच कोड येतो. बॅटरी उतरली तरी असे दहा कोड जमा होतात. म्हणून कोड आधी वहीत लिहायचे, मग पुसायचे, गाडी फिरवून आणायची आणि कोणते परत येतात ते बघायचं. आमच्या गाडीत दुरुस्तीनंतर एकही परत आला नाही.

पेट्या एकमेकींशी बोलतात त्या दोन पिळलेल्या वायरींवरून. त्याला कॅन म्हणतात. बहुतेक गाड्यांत बॅटरी सोडवून त्या सोळा पिनांतल्या ६ आणि १४ नंबरच्या मध्ये मोजलं, तर साधारण ६० ओहम दिसतं. १२० दिसलं तर कुठंतरी तुटलंय. शून्याच्या जवळ दिसलं तर वायरी एकमेकींना चिकटल्यात. उंदरांनी वायरी कुरतडल्या की असं होतं. आपल्याकडं धान्याच्या शेजारी गाडी लावतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आणि मग खरी परीक्षा. स्कॅनरवर बघत बटण दाबायचं. निरोप आत पोचला का, ते पडद्यावर दिसतं. नाही पोचला तर बटण आणि त्याची वायर बघा. मग स्कॅनरवरूनच पेटीला हुकूम द्यायचा, ‘हॉर्न वाजव’, ‘लॉक लाव’. वाजला तर पेटी आणि पुढची वायर दोन्ही ठीक. नाही वाजला तर पेटीच्या त्या पिनेवर हुकूम निघतो का ते मीटरवर बघा. निघत असेल तर दोष पुढं, म्हणजे रिले, वायर किंवा हॉर्नमध्ये. तशाच दुसऱ्या लाईनचा चांगला रिले तिथं लावून पाहणं ही सोपी युक्ती.

वीज पूर्ण मिळतेय, अर्थिंग चांगलं, कपलर कोरडा, निरोप आत येतोय, आणि तरीही हुकूम बाहेर पडत नाही, तर आणि तरच पेटी खराब.

खराब असते तेव्हा

पेटी कधीच खराब होत नाही, असं समजू नका. शेजारच्या गावातल्या एका गटाच्या गाडीला कुणीतरी घाईत जंपर केबल उलटी लावली. प्लसला मायनस. फ्यूज उडाले. ते बदलले तरी लॉक, काचा, दिवे सगळं बंद. काकांनी तिथंही हीच सगळी मोजणी केली. पेटीपर्यंत वीज येत होती, अर्थिंग ठीक, वायरी ठीक. स्कॅनर इंजिनच्या पेटीशी बोलत होता, पण बीसीएम उत्तरच देत नव्हती. तिथं पेटी बदलावीच लागली. तो खर्च वाया गेला नाही, कारण तो तपासून केलेला होता.

तेव्हा भंगारातली स्वस्त पेटी टाकायचा मोह होतो. पण पुष्कळ गाड्यांत पेटी त्या गाडीची आणि तिच्या चावीची ओळख पाठ करून बसलेली असते. दुसऱ्या गाडीची पेटी नुसती जोडली तर ती आपली चावी ओळखत नाही, गाडी सुरू होत नाही. नव्या पेटीलाही कोडिंग करावं लागतं. म्हणून भाव विचारताना पेटी अधिक कोडिंग अधिक मजुरी, असं एकत्र विचारा.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

वही घेऊन बसा, लिहून घ्या.

१. बॅटरी किती व्होल्ट होती? चार्ज करून तपासलं का?
२. पेटीच्या वीज आणि अर्थिंगच्या पिना मीटरनं मोजल्या का? किती आलं?
३. कपलर उघडून बघितला का? आम्हाला दाखवा.
४. कोड कोणते आले? पुसल्यावर कोणते परत आले?
५. निरोप आत येतो पण हुकूम बाहेर पडत नाही, हे कसं तपासलं?
६. कोडिंगसह एकूण खर्च लेखी द्या. वॉरंटी किती? जुनी पेटी आम्हाला परत द्या.

हे विचारायला लाजू नका, आणि भांडूही नका. चांगल्या मिस्त्रीला अशा प्रश्नांचा राग येत नाही. ज्याच्याकडं उत्तर नाही, त्याला पैसे द्यायची घाई करू नका.

आपण घरी काय करावं, तेही सांगते. वायपरखालच्या जाळीतला पाला पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात दर आठवड्याला काढा. मॅटखाली हात घालून ओल बघा. जादा हॉर्न, दिवे, रिमोट लॉक कुठलीही वायर कापून जोडून बसवू नका. गाडीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा. बॅटरी सोडवताना मायनस आधी काढा, जोडताना मायनस शेवटी. डॅशबोर्डखाली वीज तपासायला बल्बचा टेस्टर वापरू देऊ नका, मीटरच वापरा. बल्बचा टेस्टर जास्त वीज ओढतो आणि नाजूक पेटीला इजा होऊ शकते. आणि पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर हात लावू नका. ते बहुधा एअरबॅगचे असतात.

आमचं बिल झालं सोळाशे रुपये. काकांनी बजावलं, “ओल गेलीय, पण महिन्यानं एकदा दाखवून घ्या. हिरवट पुन्हा चढू शकतं.” आम्ही दाखवलं. काही नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी वही वाचून दाखवली. ८०० मिलीअँपिअर, ४४ तास, दीड व्होल्ट, सगळं. कुणाला आकडे कळले, कुणाला नाही. पण लिंबाच्या पाल्याचं सगळ्यांना कळलं. जी काकू सगळ्यात जास्त बोलली होती, तिनंच चावी उचलून ताईच्या हातात दिली. म्हणाली, “माझं चुकलं बाई.” ते आम्ही इतिवृत्तात लिहिलं. ताईवर ठेवलेला ठपका चुकीचा होता, असा ठराव सर्वानुमते झाला, आणि खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे आहेत. नाव जसं चारचौघांत गेलं, तसंच चारचौघांत परत यायला हवं ना?

आता आमच्या गाडीत एक वही असते. कोणत्या दिवशी काय बिघडलं, पाऊस होता का, मीटरवर किती आलं, काय खर्च झाला, सगळं त्यात. आणि दर शनिवारी जाळीतला पाला काढायची पाळी लावली आहे. या आठवड्यात माझी आहे.

तुमच्या गटाच्या गाडीला काही दुखणं असेल, तर वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या. आपण मिळून बघू. येते मैत्रिणींनो, नमस्कार.